फळीला ऊन

सुतारकाम सोडून सहा वर्षं झाली, तरी कुठलंही टेबल दिसलं की सासरेबुवांचा हात ते खालून चाचपून बघायचाच. सुनेनं बैठकीच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरवलं आणि दुकानातून इंजिनिअर्ड वूडची नमुन्याची फळी आणली. त्यांनी ती उलटी केली, कडेवरून नख फिरवलं आणि नाक मुरडलं.

"वर ओक, पोटात प्लाय! बडा घर पोकळ वासा."

"पोकळ कुठे, बाबा? वरचा चार मिलिमीटरचा थर अस्सल ओकच आहे. खालच्या थरांत एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे. दमट हवेत एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो."

"चाळीस वर्षं लाकूड तासलंय मी. मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, पैज लावते."

पैज ठरली. नमुन्याची फळी आणि माळ्यावरची सासऱ्यांची भरीव ओकची फळी, दोन्ही आठवडाभर न्हाणीघरात ठेवायच्या. जिची पाठ वाकेल ती हरली.

पहिल्याच दिवशी गरम पाण्याची वाफ आपल्या फळीवर साचलेली पाहून म्हातारबुवांचा जीव तुटला. पैज म्हणजे पैज, हे खरं. पण आपल्या फळीचे चार लाड केले तर कुणाचं काय जातं? सून नऊला कामावर गेली, की ते फळी टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत न्यायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि पाचच्या आत गुपचूप जागेवर ठेवायचे. दुसरी बिचारी कोपऱ्यात वाफ खात बसलेली. तिच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत.

रविवारी सुनेनं दोन्ही फळ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. नमुन्याची फळी सपाट. सासऱ्यांची मात्र पन्हळीसारखी वळलेली. त्यांनी हातानं दाबून पाहिली, तर ती टकटक डुलली.

तेवढ्यात समोरच्या काकू शिडी परत द्यायला आल्या. "अगंबाई, हीच ना ती फळी? आजोबा रोज हिला ऊन दाखवतात. माझ्या बाळंतपणातसुद्धा माझी एवढी बडदास्त नव्हती!"

सासरे छताकडे बघू लागले.

"रोज वाफ, रोज ऊन," सून ओठ दाबून म्हणाली. "तुमच्या हाताखालच्या माणसानं असं केलं असतं, तर?"

"कान उपटला असता त्याचा," ते पुटपुटले. लाकूड पाण्याला भीत नाही, रोजच्या चढउताराला भितं, हे त्यांनीच जन्मभर इतरांना ऐकवलं होतं. आता त्यांचं त्यांनाच हसू फुटलं, आणि मग तिघंही पोट धरून हसली.

फ्लोअरिंगवाला आला तेव्हा म्हातारबुवा स्टूल टाकून दारातच बसले. त्यानं नव्या फळ्यांची खोकी उघडायला घेतली. "दोन दिवस खोलीत राहू देत, इथली हवा लागू दे," यांनी बजावलं. तिसऱ्या दिवशी त्यानं पहिली ओळ भिंतीला घट्ट भिडवली. यांनी ती उपसायला लावली.

"बोटभर फट सोड. फुगली तर जाणार कुठे ती? वरून पट्टी मारली की दिसत नाही."

संध्याकाळी फ्लोअरिंगवाल्यानं घाम पुसत सुनेला हळूच विचारलं, "ताई, आजोबा उद्या कुठे बाहेरगावी वगैरे जाणार आहेत का हो?"

"नाही हो," सून गोड हसली, "उलट उद्या ते लवकर उठणार आहेत."