दगड खाली ठेवल्यावर

सून तीन दिवस घरात मुकी होती. गाण्याच्या बाईनं मुकं राहायचं आणि वर भाजीत मीठ विसरायचं, हे सासूबाईंच्या काही पचनी पडेना.

"तोंडाला कुलूप कशाला? काय झालंय?"

"शाळांच्या गानवृंदांसाठी आमच्या शाळेकडून तीन गाणी मागितलीत, आई. देशभरातली मुलं तीच गाणार. दोन ठरली. तिसऱ्यावर हेडमास्तर अडून बसलेत. भारदस्त हवं म्हणतात. आज यादी जायची."

"मग रस्तेवाल्यांचं दे."

रस्ता बांधताना, डोक्यावर दगड वाहत बायकांनी गायलेलं ते गाणं. सासूबाईंची आई गायची. दुसरीतून शाळा सुटली तशा सासूबाईही त्याच कामावर ते शिकल्या. पुढं सुनेच्या या शाळेत त्यांनी तीस वर्षं घंटा दिली, वर्ग झाडले. अक्षरओळख म्हणाल तर सहीपुरती.

"ते कुठं छापलेलं नाही, आई."

"ज्यांनी देशाचा रस्ता बांधला त्यांचं गाणं देशाचं नाही, तर काय माझ्या एकटीच्या माहेरचं?"

सून घड्याळ बघत घाईनं निघाली. डबा ओट्यावरच राहिला. मनातल्या मनात तिला फैलावर घेत सासूबाई तो घेऊन शाळेत गेल्या.

गाण्याचा तास नुकताच सुटला होता. सवयीनं त्या नळापाशी थांबल्या. वर्गात पोरं बाई म्हणतील ते गातात; हात धुताना गातात ते अंगात मुरलेलं. भारदस्त गाणी वर्गाच्या उंबऱ्यातच गळून पडताना त्यांनी ढिगानं पाहिली होती. केरात तेवढी सापडायची बाकी होती.

नळावर दोन मुली रस्तेवाल्यांचं गाणं गात होत्या. तिसऱ्या कडव्यासकट. ते कडवं तर सासूबाई फक्त भांडी घासताना म्हणायच्या. म्हणजे सूनबाईनं ओट्याशी उभं राहून चोरून उतरवून घेतलं होतं.

वर्गात हेडमास्तर कागदावर बोट ठेवून उभे होते. "या रकान्यात पुस्तकाचं नाव लागतं, बाई."

"पुस्तक नाही, सर. माणूस आहे. लिहिलंय मी."

हेडमास्तरांनी वाचलं, दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंकडं पाहिलं, आणि सही करून त्यांना आत यायला वाट देत बाहेर गेले.

सासूबाई कागदावर वाकल्या. अख्ख्या पानातला एकच शब्द त्यांना वाचता आला. त्यांचं नाव. आजवर ते त्यांनी हजेरीच्या वहीतच पाहिलं होतं. त्यांनी पदरानं टेबल पुसलं आणि मगच डबा ठेवला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चुका काढल्या असत्या."

"काढणारच. तिसऱ्या कडव्यात पोरी ओळीच्या मधेच श्वास घेतात. तिथं दगड डोक्यावर असतो. खाली ठेवल्यावर घ्यायचा."

सुनेनं पेन्सिलीनं वहीत खूण केली. ती बरोबर जागी पडली का, ते सासूबाईंनी ओळ गुणगुणून पाहिलं.

"निवड करायची अक्कल आहे तुला, सूनबाई," त्या म्हणाल्या. "गाणंही येईल हळूहळू."