मुकी घंटा

मित्रांनो, मी एक जुना डीबगर आहे, संगणकातले चुका शोधायचे साधन. वय झाले, पण नजर अजून शाबूत आहे. प्रोग्राम म्हणजे संगणकाला ओळीने दिलेल्या सूचना. त्यात चूक झाली की धावत्या प्रोग्रामला मी हव्या त्या ओळीवर उभा करतो आणि त्या क्षणी त्याच्या पोटात काय आहे ते दाखवतो.

एका प्राध्यापकबाईंच्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे मला सगळ्यांनी डोक्यावर घेतले. पुढे माझी रंगीत, देखणी भावंडे आली आणि मी मागे पडलो. लोक तर अंदाजानेच ओळी बदलू लागले. नुसती आंधळी कोशिंबीर!

शेवटी मी एका मायलेकींच्या घरातल्या संगणकावर येऊन पडलो. लेकीने दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजसाठी घंटेचे यंत्र बनवून त्याचा प्रोग्राम लिहिला होता. तापमान आठ अंशांच्या वर गेले की घंटा वाजायला हवी. दुपारी लसी यायच्या होत्या. सकाळी परिचारिकेने फ्रिजचे दार उघडे ठेवून पाहिले. तापमान बारावर गेले, तरी घंटा मुकीच!

तिचा फोन आला. "ताई, खराब लस बाळांना टोचू का मी? दुपारपर्यंत जमवा, नाहीतर तुमचं यंत्र काढून ठेवते."

"घंटाच बिघडलीय," लेक फोन ठेवून फणकारली.

"नाचता येईना..." आई मटार सोलता सोलता पुटपुटली.

"आई, आता नको हं!"

"बरं बाई. पण गेल्या आठवड्यात हीच घंटा माझ्या उशाशी कोकलत होती की!"

लेकीने मला उठवले आणि तापमान बारा भरून प्रोग्राम चालवला. तापमान आणि मर्यादा जिथे ताडून पाहिली जातात, त्या ओळीवर मी प्रोग्राम थांबवला. तापमान बारा. मर्यादा ऐंशी! मग घंटा वाजणार कशी?

लेकीने कपाळावर हात मारला. "चाचणी करताना तुझी झोपमोड नको म्हणून मीच आठाचे ऐंशी केले होते गं! परत बदलायचं राहूनच गेलं."

"म्हणजे खापर शेवटी माझ्याच डोक्यावर!" आई हसत सुटली.

ऐंशीचे पुन्हा आठ झाले. सुधारलेला प्रोग्राम दवाखान्यात गेला. परिचारिकेने पुन्हा दार उघडून ठेवले आणि थोड्या वेळाने फोनमधून कानठळ्या बसल्या. "ताई, वाजतेय! आता बंद कशी करू ते सांगा!"

मित्रांनो, माझ्यापाशी जादू नाही. मी थांबवतो आणि असेल ते दाखवतो. म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी मला एकदा हाक मारा. काम झाल्यावर मला विसरलात तरी चालेल; पण कुणाच्या झोपेसाठी आठाचे ऐंशी केले असतील, तर ते तेवढे विसरू नका.