सरजाबाईचं लाल औषध

मी बाटली बोलतेय. औषधाची, असं लोक म्हणतात. त्याआधी मी सरजाबाईच्या घरी रॉकेल सांभाळायचे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. बोरीच्या दवाखान्यात औषध हवं तर बाटली घरूनच न्यावी लागे. म्हणून तिनं मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि पदराखाली धरून नेलं. मला केवढा अभिमान वाटला तेव्हा.

तिच्या पोटात गाठ होती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. हे तिच्या लेकाला, लिंबाजीला ठाऊक होतं आणि आमच्या दवाखान्यातल्या पंडित डॉक्टरांना. आईला सांगू नका, ती हाय खाऊन आजच मरंल, असं लिंबाजीनं बाहेरच हात जोडून विनवलं होतं.

आत सरजाबाईनं सरळच विचारलं.

"साहेब, खरं सांगा. मी जगनार न्हाई का? तसं असंल तर कुसुमला बोलावून घेते."

कुसुम तिची लेक, लिंबाजीची बहीण. नवऱ्याबरोबर लांब नगरकडं ऊसतोडीला गेलेली.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी लिंबाजीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "औषध देतो. बरं वाटेल," म्हणाले.

कंपाउंडरनं माझ्यात लाल रंगाचं गोड पाणी भरलं आणि डोस कळावा म्हणून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. सरजाबाई खुलली. मग लेकीचं काम कशाला बुडवायचं, बरी झाले की मीच जाईन तिच्याकडं, म्हणाली.

आणि तिला खरंच गुण आला. भाकरी गोड लागायला लागली. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू? मग तिनं पुन्हा अंथरूण धरलं. कुणी कुसुमचं नाव काढलं की आधी बाटली संपू द्या म्हणायची. मी अर्धी असतानाच ती गेली.

कुसुम आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती मला घेऊन दवाखान्यात आली.

"आईला ह्यानं लय गुण आला व्हता म्हने. उरलंय, दुसऱ्या कुनाला द्या." मग हळूच म्हणाली, "तिला मला बघावं वाटलं न्हाई का, साहेब?"

डॉक्टर गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं.

"वाटलं होतं," ते म्हणाले. "मीच खोटं बोललो, बाई. हे औषध नाही."

कुसुमनं मला उजेडात धरून पाहिलं. टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

तेव्हापासून मी इथंच आहे. डॉक्टर मला कुणाला ओतू देत नाहीत. आज एका म्हाताऱ्यानं सरजाबाईसारखंच विचारलंय. मुलगा दारात हात जोडून उभा आहे. डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बोला ना, डॉक्टर. म्हाताऱ्याचंही कुणीतरी लांब असेल.