रुपरावांचा अंगठा

मी एक जुना हात आहे, मित्रांनो. चिंपांझीच्या उजव्या हाताचा प्लास्टरचा नमुना. नागपूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, निळ्या पाटीवर मला बसवलं आहे. माझा तळवा आणि चार बोटं खऱ्या चिंपांझीच्या हातावरून घेतलेली. अंगठ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

तुमच्या हातात सत्तावीस हाडं, चिंपांझीच्याही हातात तेवढीच. नखं चपटी, बोटांवर ठशांच्या रेघा, तेही सारखंच. फरक मापांत आहे. फांदीला लोंबकळायचं म्हणून त्याची बोटं लांब आणि आत वळलेली, अंगठा आखूड, तर्जनीच्या बुडाशी कसाबसा पोचणारा. मुडपलेली बोटं जमिनीवर टेकून चालायचं म्हणून मधल्या पेरांच्या पाठीवर कातडी जाड. तुमचा लांब अंगठा चारही बोटांच्या टोकांना सहज भेटतो. म्हणून तर सुईत दोरा तुम्ही ओवता.

माझा मूळ अंगठा अकरा वर्षांपूर्वी गेला. रुपराव हे आमचे लॅब अटेंडंट, भिवापूरकडचे, कामाला चोख. कपाट पुसताना मी त्यांच्या हातून निसटलो आणि अंगठ्याचा चुरा झाला. बिचारे घाबरले. कुणाला न सांगता त्यांनी ओल्या मातीत स्वतःचा अंगठा रोवला, त्या खळग्यात प्लास्टर ओतलं आणि तयार झालेला अंगठा मला चिकटवला. बरणीची काच लागून त्यांच्या अंगठ्यावर पडलेला तिरका व्रणही त्यात उतरला.

"जमलं गा," ते मलाच म्हणाले.

पुढे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मुलं परीक्षेला 'निळी पाटी म्हणजे चिंपांझी' एवढं घोकून यायची. माझ्याकडे धड कुणी पाहायचंच नाही. याचं मला फार वाईट वाटे.

यंदाच्या प्रात्यक्षिकाला सरिता आली. कोराडीहून बसने येणारी ही मुलगी गेल्या वर्षी याच परीक्षेत दोन गुणांनी राहिली होती. मला ओळखण्याचे गुणही दोनच. ती थांबली, वाकली, स्वतःचा अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी धरला आणि लिहिलं: 'तळवा चिंपांझीचा, अंगठा माणसाचा.'

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी तिला बोलावलं. "एका हातात दोन प्राणी? काहीतरी एक ठरव."

"मॅडम, मले तसंच दिसून राहिलं," सरिता म्हणाली. उत्तर तिने बदललं नाही.

मॅडमनी शून्य दिलं.

रुपराव बेसिनपाशी बरण्या धूत होते. निवृत्तीला चार महिने उरलेले. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी हात पुसले, टेबलाशी आले आणि आपला अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी ठेवला. व्रणाशेजारी व्रण आला.

"पोरगी बरोबर बोलून राहिली, मॅडम. हा अंगठा माहा हाये."

मॅडमनी भिंग लावून दोन्ही अंगठे पाहिले. "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"भेव वाटे जी."

"आणि बाकीच्या एकेचाळीस जणांनी चिंपांझी लिहिलंय, ते कसं?"

"त्यायनं पाटी पाह्यली, मॅडम. हिनं हात पाह्यला."

मॅडमनी शून्य खोडून दोन लिहिले. रुपरावांना विभागप्रमुखांची बोलणी खावी लागली, लेखी खुलासाही द्यावा लागला. पण त्या दिवशी डबा खाताना ते हसत होते आणि मलाही हलकं वाटत होतं.

आता रुपराव भिवापूरला असतात. माझ्या पाटीवर नवी चिठ्ठी आहे: 'तळवा व बोटे: चिंपांझी. अंगठा: रुपराव.' ती वाचून नवी मुलं आधी हसतात, मग स्वतःचा अंगठा न्याहाळतात.

मित्रांनो, वस्तू जपून हाताळा. तरीही मोडली तर जरूर जोडा, पण काय जोडलं ते तिथेच लिहून ठेवा. नाहीतर नीट पाहणारी एखादी मुलगीच नापास व्हायची.