अद्दीच्या वहाणा

झाऊच्या झाडाजवळची विहीर ढासळली तेव्हा अद्दी खाली होता.

आमचं पाणी डोंगरापासून गावापर्यंत जमिनीखालून येतं, भुयारी पाटातून. वर वाळवंटात ओळीने विहिरींची तोंडं. अद्दी गाळ काढायला उतरला आणि माथ्यावरची माती बसली. शेजारच्या दोन्ही विहिरी, एक गावाकडची, एक डोंगराकडची, वाळूने कधीच बुजलेल्या. त्यातली एकच उकरता येणार होती. हात थोडे, रहाट एक. आत हवा किती, हे कुणी तोंडातून काढत नव्हतं.

आणि अशात खजुरीखाली चहाची किटली चढली.

"माझा माणूस मातीखाली, आणि तुम्ही चहा ढोसताय?" अद्दीची बायको इत्तो थेट पुरुषांच्या बैठकीत शिरली.

"बस, पोरी," गावचे म्होरके हम्मूबाबा म्हणाले. "मागे असेच न बसता धावलो होतो. भलतीकडे उकरून छत पाडलं. दोन माणसं गेली. आज पेला तूही घे."

पहिल्या पेल्याला फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. दुसऱ्याला फक्त भीती, आणि तिच्यावर कुणी बोलायचं नाही. तिसऱ्याला पुढची वाट सुचवायची, धाकट्यापासून सुरुवात. ही आमची रीत.

पहिल्या पेल्याला सगळ्यांनी एकच सांगितलं. विहिरीच्या काठावर अद्दीच्या वहाणा आहेत, टोकं गावाकडे. उतरणारा माणूस खाली ज्या दिशेला जाणार, तिकडे टोकं करून वहाणा ठेवतो. इत्तोनेही तेच सांगितलं.

अद्दीचा धाकटा भाऊ यिदीर उठलाच. "मग बसलोय कशाला? गावाकडची उकरा!"

"तुझ्या धोतरात विंचू शिरलाय का?" कुणीतरी खेकसलं. "पेला संपव."

दुसरा पेला. एकाला रहाटाच्या दोराची भीती होती. यिदीर म्हणाला, "दादा हाका मारत असेल आणि मला ऐकू येत नसतील." मग पेला इत्तोकडे आला. तिने तो तोंडाला लावला नाही.

"मला भीती वाटते," ती म्हणाली, "त्या वहाणा त्याने ठेवलेल्याच नाहीत. मी ठेवल्यात."

"सगळ्यांच्या आधी मी पोचले. वहाणा उचलून छातीशी धरल्या. किती ओरडले. मग खाली ठेवल्या. रोज उंबऱ्यात ठेवते तशाच, टोकं घराकडे."

यिदीरने तोंड उघडलं. हम्मूबाबांनी नुसता हात वर केला. भीतीवर बोलायचं नाही.

"आठवत नाही हो बाबा!" इत्तोने दोन्ही हातांनी कपाळ बडवलं. "आधी कुठे होती टोकं, काही केल्या आठवत नाही!" ज्या वहाणांची चाहूल तिला गल्लीच्या तोंडापासून कळायची, ज्यांचा तुटका पट्टा तिने केसांच्या दोऱ्याने शिवला होता, त्याच आता मुक्या झाल्या होत्या.

तिसरा पेला ओतला. धाकटा यिदीर. सगळ्यांना वाटलं, हा पुन्हा कुदळच मागणार.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "डोक्याला विचारू नकोस. मघासारखी धाव."

बाकीचे पेले तसेच राहिले.

वहाणा विहिरीच्या काठावर तशाच होत्या, टोकं गावाकडेच. इत्तो गावाच्या बाजूने धावत आली, अडखळली, "अद्दी!" म्हणत वाकली. हात खाली गेला आणि थबकला.

"नाही. असं नाही. हाताला आता टोकं लागतायत." तिने डोळे मिटले. "मघाशी टाचा लागल्या होत्या. झिजलेल्या. उजवी जास्त झिजलेली, अंगठ्याखाली आली होती माझ्या."

टाचा तिच्याकडे, म्हणजे टोकं पलीकडे.

"डोंगराकडची!" हम्मूबाबा ओरडले, आणि म्हातारा सगळ्यांच्या पुढे पळत सुटला.

वाळू उपसली जात होती, पुन्हा सरकत होती. टोपल्या वर येत होत्या, रहाट किंचाळत होता. दोराला बांधलेला यिदीर खाली खाली जात दिसेनासा झाला. इत्तोने वहाणा कुणाच्या हाती दिल्या नाहीत. टोकं डोंगराकडे करून ती त्यांच्यापाशी बसली, वाळू मुठीत घेत, सोडत.

"थांबा!" खालून यिदीरचा आवाज आला. "टोपल्या थांबवा! कुणी बोलू नका!"

रहाट थांबला.

"ठोकतोय," यिदीर खालून रडत म्हणाला. "वहिनी, दादा ठोकतोय."