अठ्ठेचाळीसचा ट्रक

मी एक जुना ट्रक आहे, पण अजून जोडलेला नाही. चाके, केबिन, हौदा, दोन आरसे असे माझे सगळे भाग एका खोक्यात सुटे पडून आहेत. त्याच खोक्यात एक पत्रही पडून होते आणि त्या पत्रातून आलेला अंगठ्याच्या पेराएवढा एक सैनिक. पत्र निफाडहून आले होते. दोन वर्षे झाली, त्याला उत्तर गेले नव्हते. मित्रांनो, मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. तरी सांगतो.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात ओतले आणि चौकटीला लटकलेले माझे साठ-सत्तर भाग एकदमच बाहेर पडले. खोक्यावर माझे भरधाव धावणारे चित्र छापले. मी अजून एक वीतभरही धावलेलो नाही. चित्राखाली १:४८ असे लिहिले, म्हणजे खरा ट्रक माझ्या अठ्ठेचाळीस पट लांब असतो.

नाशिकला आलो तो द्वारका चौकाजवळच्या एका खेळण्यांच्या दुकानात. तिथे फळीवर चार वर्षे काढली. ऊन एकाच बाजूने येई, त्यामुळे चित्रातला हिरवा रंग एका बाजूने उडाला. मग एका दुपारी ढुंढिराजकाका आले. अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. आता घरभर पुस्तके होती आणि त्यांत ते. दुकानात त्यांनी तीन खोकी समोर घेतली. एकावर १:३५, एकावर १:७२ आणि एक मी. खिशातून तो सैनिक काढून प्रत्येक खोक्याशेजारी उभा केला. तासभर हेच. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, मुलगी बघायला आलाय का?" काका ओशाळले आणि मला घेऊन बाहेर पडले.

मला वाटले, आज मी उभा राहणार. पण घरी आल्यावर माझ्या भागांची पिशवी फोडायला घेतलेली कात्री त्यांनी परत ठेवली. पत्र आणि सैनिक माझ्या खोक्यात घातले, झाकण लावले आणि मला कपाटावर ठेवून दिले.

असे का, ते मला सैनिकाने सांगितले. तो आधी निफाडलाच असे, सगळे त्याच्यासमोर घडले.

काकांचे मित्र ललित त्यांच्याच कारखान्यात, शेजारच्या टेबलावर. निवृत्त होऊन ते निफाडला गेले आणि तिथे त्यांनी एका मोठ्या टेबलावर लुटुपुटीच्या लढाईचे मैदान उभारले. थर्माकोलचे डोंगर, काथ्याच्या द्राक्षबागा, मधून नदी. दर रविवारी जुने सोबती जमत, फासे टाकून लढाई खेळत. सैनिक होते, गाड्या नव्हत्या. बाजारात मिळणारे ट्रक आणून, कापून, त्यांचे लढाईचे ट्रक करायचे ठरले. कोणते आणायचे, हे ढुंढिराजांनी सांगायचे.

काकांनी सैनिक मोजला आणि हिशेब केला. उत्तर आले १:६०. या मापाचा ट्रक कुठे मिळेना. साठाच्या अलीकडे अठ्ठेचाळीस, पलीकडे बहात्तर, दोन्हीकडे अंतर बाराच. काका स्वभावाने असे, की मोठे होऊन डोळ्यांवर येण्यापेक्षा लहान राहिलेले बरे. त्यांनी बहात्तर सांगितले. ललितनी पुन्हा न विचारता सहा ट्रक मागवले, रात्रंदिवस खपून जोडले, रंगवले.

रविवारी ते टेबलावर आले आणि सगळे वाकून बघू लागले. खेळाच्या सैनिकांची डोकी, हात, बंदुका मुद्दाम जाड घडवतात, शिवाय पायाखाली चकती असते. हे सगळे काकांच्या कागदावरच्या हिशेबात आले नव्हते. सैनिकाचे डोके ट्रकच्या टपाला लागत होते.

"ढुंढिराज," सोबत्यांपैकी केरूभाऊ म्हणाले, "हे ट्रकमध्ये बसणार, का ट्रक काखेत मारून चालणार?"

सगळे हसले. ललितही हसले. काकाही हसले म्हणे, पण त्यानंतर ते निफाडला गेले नाहीत.

काही महिन्यांनी पत्र आले. अंधारात पडल्या पडल्या ते मला पाठ झाले आहे. 'ढुंढ्या, फोन केला तर बघतो म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहितो. पुलाच्या अलीकडे एका ट्रकाची जागा मोकळी ठेवली आहे. कोणता घेऊ? सोबत एक शिपाई पाठवतो, त्याला उभा करून बघ. तू सांगशील तोच घेणार.'

पुन्हा चुकले तर? एवढ्या एका प्रश्नावर दोन वर्षे गेली. काका कधीतरी झाकण उघडत, सैनिकाला उलटसुलट करून पाहत, झाकण लावत. गोदाकाकू म्हणत, "त्या खोक्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं राहिलंय." काका म्हणत, "लिहितो गं. जरा नक्की होऊ दे." पुढे पुढे मी वाट पाहणेही सोडले. वाट पाहण्याचासुद्धा शीण येतो, मित्रांनो.

गेल्या आठवड्यात ललितची मुलगी वैष्णवी बेदाणे घेऊन आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, बाबांचा हात थरथरायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. चार-सहा महिने बारीक काम जमेल, पुढचं सांगता येत नाही. मी म्हटलं, मी आणते एखादं किट. तर नाही म्हणतात. ढुंढ्याचं उत्तर येऊ दे."

काका म्हणाले, "माझं मागच्या वेळी चुकलं होतं गं, पोरी. सहा ट्रक वाया गेले."

"वाया कुठं? बाबांनी ते मागं डोंगरावर लावलेत. बारीक आहेत ना, लांबून येताहेत असं वाटतं. आलेल्या प्रत्येकाला दाखवतात, ही ढुंढ्याची आयडिया म्हणून."

ती गेल्यावर काकांनी मला कपाटावरून उतरवले आणि पिशवी फोडली.

इतक्या वर्षांनी मला वारा लागला. क्रमांकाची चिकटचित्रे पिवळी पडून तडकली होती. एक आरसा हात लावताच तुटला. काकांनी केबिनचे दोन भाग गोंदाशिवाय नुसते बोटांत दाबून धरले आणि दाराशी सैनिक उभा केला. या वेळी पट्टी घेतली नाही.

"अगं, जरा इकडे ये. हा या ट्रकचा ड्रायव्हर वाटतो का?"

काकूंनी चष्मा पुसून पाहिले. "वाटतो की. नुकताच जेवून आलेला वाटतो."

काकांनी लगेच लिहायला घेतले. 'ललित, अठ्ठेचाळीसचाच घे. हिशेबाने नाही, डोळ्याने सांगतो. घे म्हणजे काय, हाच घे, सोबत पाठवतो. केबिन आणि हौदा वेगळे आहेत, त्यामुळे कापायला सोपा. चौकटीच्या काड्या टाकू नकोस, पुलाला कठडे होतील. एक आरसा माझ्या हातून तुटला. क्रमांकाची चिकटचित्रे मी ठेवून ठेवून वाया घालवली. रविवारी येतो. तुझा हात थरथरला तर चाके मी धरीन. उशीर केला.'

मित्रांनो, मला कोणी फेकले नाही की तोडले नाही. जपून ठेवले, तरी जपता जपताच माझी चिकटचित्रे तडकली. तुमच्याकडेही असे एखादे खोके असेल, कोणाचे एखादे पत्र असेल. नक्की झाल्यावर बघू असे म्हणून ते कपाटावर ठेवू नका. चुकीचे उत्तर निदान डोंगरावर तरी लावता येते.

आज सकाळी काका आणि काकू मला टपाल कचेरीत घेऊन आले. पत्र आत, सैनिक आत, वरून सुतळी. खिडकीतल्या बाईंनी पार्सल वजनकाट्यावर ठेवले, तसा काकांचा हात पुढे आला.

"जरा परत देता का? एक आकडा पुन्हा बघायचा होता."

"अहो, सोडा आता," काकू म्हणाल्या.

काकांचा हात सुतळीवर क्षणभर थांबला. मग त्यांनी तो काढून घेतला. वरून शिक्का बसला, धप्पकन, आणि केबिनचे माझे दोन्ही भाग एकमेकांना लागले.