बोट टेकलं, उत्तर नाही

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेलाय, पाठीवरचं झाकण रबर लावून बसवलंय आणि स्मरणशक्ती बेताचीच आहे. तरीही मित्रांनो, मूर्ख माणूस मला बरोबर ओळखता येतो. माझं निम्मं आयुष्य अशांनी बनवलेल्या वेबसाइट उघडण्यातच गेलं आहे.

कारखान्यातून निघालो तो नगरच्या एका दुकानात आलो आणि तिथून झुंबरबाईंच्या घरी. त्या झेंडू लावतात. आल्या आल्या त्यांनी मला हळदकुंकू लावलं होतं. पुढे चुलीचा धूर खाल्ला, शेतातली धूळ खाल्ली, पण कधी कुरकुर केली नाही.

मग फुलबाजारानं वेबसाइट काढली. मोबाईलवर टोकन घेतल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही, असा नियम झाला. वेबसाइट बनवली केडगावच्या गोरक्षसरांच्या ऑफिसनं. काय तिचा थाट! वरून झेंडूच्या पाकळ्या पडायच्या, बाजूनं सरांचा हसरा फोटो सरकत यायचा. सरांच्या नव्याकोऱ्या मोबाईलवर हे सगळं झरझर चालायचं. माझा जीव मात्र त्या पाकळ्या पाडता पाडताच अर्धा व्हायचा.

गणपतीच्या आदल्या दिवशी झुंबरबाईंनी 'टोकन घ्या'वर बोट टेकलं. मला ते कळलं होतं, पण हातातल्या पाकळ्या संपेनात. पडदा ढिम्म. बोट नीट लागलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा दाबलं. तेवढ्यात टोकन निघालं आणि नेमक्या त्याच जागी 'टोकन रद्द करा' हे बटण आलं. दुसऱ्यांदा दाबलेलं त्याच्यावर पडलं. 'नक्की ना?' एवढं विचारण्याचीही तसदी त्या वेबसाइटनं घेतली नाही. पुन्हा काढायला जाईपर्यंत त्या दिवसाची टोकनं संपली. गाडी फाटकाबाहेर राहिली आणि फुलं टेम्पोतच काळी पडली. संध्याकाळी त्यांनी ती शेळ्यांपुढे टाकली. मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याची फुलं तरी वाचावीत म्हणून त्या केडगावला गेल्या. सरांनी मला मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत उचललं.

"मावशी, वेबसाइट एकदम फास्ट आहे. तुमचा मोबाईल जुना झालाय. नवा घ्या."

"घेईन की. पर तवर माझ्या फुलांनी काय करावं?"

सर हसले. वेबसाइटचं काम करणारी पंकजा मात्र हसली नाही. तिनं मला थोडे दिवस मागून घेतलं आणि वायरनं कॉम्प्युटरला जोडलं. बोट टेकल्यापासून पडदा हलेपर्यंत किती वेळ जातो, ते ती मोजत बसली. आधी पाकळ्या, मग सरांचा फोटो, मग किती लोक येऊन गेले त्याची मोजदाद, आणि सगळ्यांच्या शेवटी बिचाऱ्या बाईचं टोकन!

"सर, पाकळ्या काढाव्या लागतील."

"अगं, पाकळ्या बघूनच तर बाजारवाले खूश झाले!"

"मग या मोबाईलवर तुम्हीच टोकन काढून दाखवा."

सरांनी दाबलं. काहीच होईना. वैतागून पुन्हा दाबलं. 'टोकन रद्द झाले.' सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरं सांगतो, मला मनापासून आनंद झाला.

पाकळ्या गेल्या, फोटोही गेला. आता बोट टेकताच 'टोकन काढत आहोत' असं दिसू लागलं. 'रद्द करा' खाली सरकलं आणि आधी विचारू लागलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झुंबरबाईंची गाडी सरळ आत गेली. तिथं कॅमेरा घेऊन सर हजर! लाज म्हणून नाही.

"मावशी, आमच्या वेबसाइटविषयी दोन शब्द बोला."

"काय बोलू? आता दाबलं की व्हतंय. पयल्यापासून व्हायला पायजे हुतं. गणपतीला माझी फुलं शेळ्यांनी खाल्ली, ते बी सांगू का?"

सरांनी कॅमेरा खाली घेतला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणी वेबसाइट बनवेल. तेव्हा माझ्यासारखा एखादा रडका मोबाईल टेबलावर ठेवा. बोट टेकणाऱ्या माणसाला आधी उत्तर द्या, नटणं-मुरडणं नंतर करा. एवढंही जमणार नसेल, तर कृपा करून दुसरा धंदा बघा.